गुलाब प्रदर्शनात पहिल्यांदा फुलं मांडताना: छाटणीपासून बाटलीपर्यंत

प्रदर्शन होतं 18 आणि 19 जानेवारी 2025 ला. आमच्या गुलाब मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत ही तारीख जूनपासून छापलेली होती. तिथे काय छापलेलं नव्हतं, तर काम कधी सुरू करायचं ते. बहुतेक नवखे लोक फॉर्म निघाला की गच्चीवर जातात आणि कुठलं फूल नेण्यासारखं आहे ते बघतात. तोपर्यंत वेळ गेलेली असते. त्या शनिवारी सकाळी नऊ वाजता बाटलीत जे फूल उभं करायचं, त्याचा दिवस नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठरतो.

हिशेब सोपा आहे. पुण्याच्या हिवाळ्यात छाटणीपासून फूल उमलेपर्यंत साधारण 45 ते 55 दिवस लागतात. कमी पाकळ्यांच्या जाती लवकर येतात, भरगच्च पाकळ्यांच्या उशिरा. थंडी वाढली की दिवस वाढतात, ढग आणि उकाडा आला की घटतात. हवामान आपल्या हातात नाही, म्हणून छाटणी एका दिवशी उरकायची नाही, तुकड्यांनी करायची.

मंडळाचं छाटणीचं प्रात्यक्षिक 13 ऑक्टोबरला होतं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. सदस्यांना फुकट, बाकीच्यांना 100 रुपये, आणि आपापलं सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन यायचं. पावसाळा संपल्यावरची ही वर्षातली मोठी छाटणी. मेलेल्या, आडव्यातिडव्या, पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या काढायच्या, तीन-चार जोमदार फांद्या ठेवायच्या, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फांदी फुटते त्या उंचवट्याच्या) अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप द्यायचा. काप डोळ्याच्या फार जवळ गेला तर डोळा वाळतो. फार लांब राहिला तर वरचा खुंट काळा पडत खाली येतो, आणि डायबॅकची, म्हणजे फांदी टोकाकडून खाली वाळत जाण्याची, सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पाण्यात कालवलेली घट्ट पेस्ट ब्रशने लावायची, त्याच दिवशी. आणि सिकेटर एका कुंडीवरून दुसऱ्या कुंडीकडे नेताना स्पिरिटने पुसायचं. हे सगळ्यांना माहीत असतं, करत कोणी नाही.

कलम केलेल्या जागेच्या खालून येणारा फुटवाही याच वेळी शोधायचा. तो खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलेलं असतं त्याचा असतो, आपल्या जातीचा नाही. सिकेटरने कापला तर पुन्हा येतो. माती बाजूला करून मुळापाशी धरून ओढून काढावा लागतो.

आमच्याकडे एकूण 19 कुंड्या, सगळ्या 12 इंची: 14 हायब्रीड टी (एका काडीला एक मोठं फूल), तीन फ्लोरिबंडा (झुपक्याने फुलणारे), दोन मिनिएचर (छोट्या फुलांचे). छाटणीनंतर प्रत्येक कुंडीतली वरची चार-पाच सेंटिमीटर माती काढून दोन ओंजळी चांगलं कुजलेलं शेणखत, मूठभर नीमपेंड आणि 50 ग्रॅम हाडांचा चुरा घातला. शेणखत कच्चं असेल तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आलीच समजा. हातात घेतल्यावर वास येत असेल तर ते अजून कुजलेलं नाही.

आता जिवावर येणारा भाग. ऑक्टोबरच्या छाटणीचा बहर नेमका नोव्हेंबरअखेर येतो. वर्षातली सगळ्यात सुंदर फुलं उमलायला लागलेली असतात आणि जानेवारीच्या प्रदर्शनासाठी तीच झाडं पुन्हा कापायची असतात. ही दुसरी छाटणी हलकी असते. फुलाची काडी दोन-तीन डोळे खाली ठेवून घ्यायची, बस्स. पण कळ्या असलेल्या काड्याही घ्याव्या लागतात. इथे दया दाखवली की झाडावर डिसेंबरभर थोडी थोडी फुलं येत राहतात आणि प्रदर्शनाच्या दिवशी एकही बरं फूल हाताशी नसतं.

तीन तुकड्या केल्या. 24 नोव्हेंबरला सात कुंड्या, 28 ला सहा, 2 डिसेंबरला उरलेल्या सहा. प्रत्येक कुंडीला जातीचं नाव आणि छाटणीची तारीख लिहिलेली पट्टी लावली. प्लास्टिकच्या पट्टीवर मार्करची शाई दोन महिन्यांत उन्हाने उडते, साध्या शिसपेन्सिलीने लिहिलेलं टिकतं.

नोव्हेंबरअखेर चांगली थंडी पडली होती, म्हणून पहिली तुकडी 50 दिवसांच्या पुढे जाईल असा अंदाज होता. मग फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इकडे ढग आले, रात्री उबदार झाल्या. डोळे फटाफट फुटले. बघायला छान वाटतं, पण याचे दोन परिणाम होतात. पहिल्या तुकडीचं वेळापत्रक तीन-चार दिवसांनी अलीकडे आलं, आणि ओलसर हवेत खालच्या पानांवर काळे ठिपके आले. ठिपक्यांची पानं तोडून पिशवीत भरून कचऱ्यात टाकायची, कंपोस्टमध्ये नाही. मग मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम, आठ दिवसांनी पुन्हा एकदा. पानाच्या खालच्या बाजूलाही. मॅन्कोझेबचा पांढरट-पिवळा थर पानांवर राहतो, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

खताचं असं: नवीन फुटवे बोटभर झाल्यापासून 19:19:19 (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे) लिटरला दोन ग्रॅम, आठवड्यातून एकदा फवारून. मधल्या आठवड्यात मोहरीच्या पेंडीचं पाणी: 100 ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात सहा दिवस भिजवून, गाळून, दहापट पाणी घालून, कुंडीला अर्धा लिटर. झाकण लावा, आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. कळी वाटाण्याएवढी झाली की 19:19:19 बंद, त्याऐवजी 0:52:34, तेही दोनच ग्रॅम. पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडत असेल तर एप्सम सॉल्ट लिटरला दोन ग्रॅम. कळीला रंग दिसायला लागला की फवारणी सगळीच बंद करायची. पाकळीवर पडलेला थेंब डाग होऊन राहतो. शेवटच्या महिन्यात नत्र जास्त देण्याचा मोह होतो, कारण पानं तजेलदार होतात. पण मग कळीखालची मान मऊ पडते आणि फूल बाटलीत खाली बघतं.

कळ्या खुडणं हे या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते फुकट आहे. हायब्रीड टीच्या काडीला मधल्या कळीच्या बाजूला दोन-तीन छोट्या कळ्या येतात. त्या मोहरीएवढ्या असतानाच नखाने बाजूला वाकवून काढायच्या. उशीर केला तर तिथे काळा खुंट राहतो, परीक्षकाला तो हातभर अंतरावरून दिसतो. फ्लोरिबंडाचं बरोबर उलटं. तिथे पूर्ण झुपका बघितला जातो. मधली कळी बाकीच्यांच्या आधी उमलून आधीच गळते आणि झुपक्याच्या मध्ये भोक पडतं. म्हणून फ्लोरिबंडात मधली कळी लहानपणीच काढायची आणि बाजूच्या ठेवायच्या. आइसबर्ग जातीच्या एका झुपक्यात हे करायचं राहून गेलं, तो न्यायला नालायक ठरला.

डिसेंबरच्या मध्यावर थंडी परत आली आणि फुलकिडेही आले. कळीच्या बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी, वाकड्या दिसल्या तर तो रोग नाही, आत फुलकिडे आहेत. पांढऱ्या कागदावर कळी झटकली की पिवळसर धाग्यांसारखे ते चालताना दिसतात. निळे चिकट सापळे गच्चीच्या दोन टोकांना लावले, आणि स्पिनोसॅड 45 एससी हे कीटकनाशक लिटरला 0.3 मिली, कळी अजून हिरवी असताना, संध्याकाळी, मधमाश्या गेल्यावर. दुपारच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो. त्याला पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा तीन दिवस मारला तरी बऱ्यापैकी भागतं.

फॉर्म 3 जानेवारीला मिळाला, भरून द्यायची शेवटची तारीख 11 जानेवारी, संध्याकाळी सहापर्यंत, मंडळाच्या कार्यालयात हातानेच. सदस्यांना एका प्रवेशिकेला 20 रुपये, इतरांना 50. सदस्यत्वाचा क्रमांक लागतो आणि वर्गणी थकलेली नसावी लागते. माझ्यापुढच्या दोघांची थकली होती, त्यांना आधी तिकडची पावती करून पुन्हा रांगेत यावं लागलं. एक तास गेला. त्यामुळे शेवटच्या दिवशी जाऊ नका. वर्गणीची पावती बरोबर ठेवा.

फॉर्मसोबत वर्गांची यादी असते. तीच खरी नियमावली आहे. हायब्रीड टी एक फूल, तेही रंगानुसार वेगळं, तीन फुलं एकाच जातीची, सहा फुलं सहा जातींची, फ्लोरिबंडाचा एक झुपका, मिनिएचर, सुवासिक गुलाब, भारतात तयार झालेली जात, पाण्यात तरंगतं एकच फूल, आणि 50 पेक्षा कमी कुंड्या असणाऱ्यांसाठी राखीव वर्ग. हा शेवटचा शोधून काढा, कारण मोठ्या बागांच्या स्पर्धेत तुमची 12 इंची कुंडी टिकत नाही आणि टिकावी अशी अपेक्षाही नसते. फॉर्मवर भरलेला वर्ग त्या दिवशी सोडून देता येतो, न भरलेला घुसवता येत नाही. म्हणून थोडे जास्त भरायचे. मी नऊ भरले, 180 रुपये. पहिली तुकडी त्यावेळी 47 दिवसांत, 10 जानेवारीलाच, पूर्ण उमललेली होती, म्हणजे वाया. ते सोसून, उरलेल्या बारा कुंड्यांकडे बघून आकडा ठरवला.

नावाची अडचण सगळ्यांना येते. नर्सरीतून "ब्लॅक लेडी" म्हणून आणलेलं लाल फूल काहीही असू शकतं. प्रदर्शनात चुकीचं नाव लिहिलं तर गुण जातात किंवा फूल बाजूला काढतात. शंका असेल तर आधीच्या एखाद्या बैठकीला फूल आणि पानासकट काडी घेऊन जा, तिथे 30-40 वर्षं गुलाब करणारे दोन-तीन काका असतातच. काटे आणि कोवळ्या पानांचा रंग बघून ते नाव सांगतात. तरीही पटलं नाही तर नाव न मागणाऱ्या वर्गात ते फूल मांडा.

शेवटचे पाच दिवस रोज सकाळी पाणी, कुंडी कोरडी पडू द्यायची नाही. दव पडतं, त्याने लाल पाकळ्यांवर ठिपके येतात, आणि दुपारच्या उन्हाने गडद लालच्या कडा काळ्या पडतात. कळी उमलू लागली की वर सावली हवी. बांबूच्या काठीला जुनी छत्री बांधली तरी चालतं, फुलाला लागता कामा नये. दोन दिवस आधीच उमलेल असं वाटणाऱ्या फुलाला लोकरीचा एक सैल वेढा मधल्या सुळक्याभोवती, म्हणजे पाकळ्यांच्या घट्ट टोकदार मध्याभोवती, देतात. लोकरच, दोरा नाही, दोरा पाकळी कापतो. आणि मांडायच्या आधी तो काढायचा. ही युक्ती भरगच्च फुलांवर चालते. पंधरा-वीस पाकळ्यांच्या फुलावर निव्वळ फजिती.

काढणी 17 तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी पाच वाजल्यानंतर. दिवसभर प्रकाशात तयार झालेली साखर त्या वेळी काडीत असते, म्हणून संध्याकाळी काढलेलं फूल सकाळच्यापेक्षा जास्त टिकतं. हायब्रीड टी अर्धं ते पाऊण उमललेलं हवं, मध्यभागी सुळका उंच आणि घट्ट. घरी बघताना पूर्ण उमललेलं फूल सुंदर वाटतं, बाटलीत दुपारपर्यंत ते सपाट होतं. काडी 35 ते 40 सेंटिमीटर घेतली, झाडावर खाली दोन-तीन पूर्ण पानं ठेवून. बादली बरोबर नेऊन काडी कापल्याबरोबर पाण्यात टाकायची. घरात आल्यावर पाण्याखालीच पुन्हा दोन सेंटिमीटर कापायची, म्हणजे काडीत शिरलेली हवा निघते. मग मानेपर्यंत कोमट पाण्यात, अंधाऱ्या थंड खोलीत रात्रभर. साखर, ॲस्पिरिन वगैरे काही नको, नुसत्या साखरेने पाण्यात जिवाणू वाढतात आणि काडी तुंबते. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर आत सफरचंद, केळी, चिकू नको. पिकणाऱ्या फळांचा इथिलीन वायू फूल म्हातारं करतो.

एकूण 11 काड्या मिळाल्या. जवळजवळ सगळ्या 28 नोव्हेंबरच्या तुकडीतल्या, 50 दिवसांच्या.

नेण्यासाठी सोड्याच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट, त्यात तोंड कापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, तळाशी पाणी. फुलं एकमेकांना लागत नाहीत. दोन-तीन काड्या जास्तीच्या न्या, रस्त्यात एखादी मोडतेच. रिक्षाचे जाताना-येताना 260 रुपये झाले. दुचाकीवर नेऊ नका, वाऱ्याने पाकळ्या उलटतात.

मांडणीची वेळ सात ते दहा. मी साडेसातला पोचले तर चांगल्या उजेडातली टेबलं गेलेली होती. तिथे टेबलावर जागा, बाटली आणि दोन भागांची चिठ्ठी मिळते. वर वर्ग आणि जातीचं नाव, खाली आपलं नाव. खालचा भाग दुमडून टाचायचा, परीक्षणापर्यंत तो उघडा दिसता कामा नये. आपल्या पिशवीत सिकेटर, ओला कापूस, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, मऊ ब्रश, शिसपेन्सिल, पाण्याची बाटली एवढं असू द्या. तिथे सगळे एकमेकांकडे मागत असतात.

आधी पानं ओल्या कापसाने पुसायची. इथे ते मॅन्कोझेब आडवं येतं. घरी आदल्या रात्री पुसायला हवं होतं, तिथे एका काडीला दहा मिनिटं गेली. तेल किंवा चमक आणणारा स्प्रे लावला तर फूल बाद होतं. बाहेरची डागाळलेली एखादी पाकळी काढायची असेल तर खाली ओढायची नाही, बुडाशी धरून बाजूला फिरवत काढायची, म्हणजे ओरखडा राहत नाही. एक-दोनच. जास्त काढल्या तर फुलाचा गोल बिघडतो. घट्ट राहिलेल्या फुलाच्या बाहेरच्या पाकळ्या कापसाच्या काडीने हळूच खाली दाबून, फुंकर मारून उघडता येतात. बाटलीचं तोंड मोठं असतं आणि काडी कलंडते. आमच्या नियमांत गुलाबाच्याच काडीचा तुकडा पाचर म्हणून चालत होता, थर्माकोल नाही. हे आधी विचारून घ्या.

साडेनऊच्या सुमारास एक स्वयंसेवक काकू टेबलांवरून फिरत आल्या. माझ्या हायब्रीड टीच्या गुलाबी वर्गातल्या बाटलीपाशी थांबल्या.

"ताई, ही क्वीन एलिझाबेथ ना? ही इथे नाही चालायची."

ही जात 1954 ची. अमेरिकेत तिच्यासाठी ग्रँडिफ्लोरा असा वेगळा गटच केला गेला, ब्रिटनमध्ये तिला फ्लोरिबंडात धरतात. आपल्याकडे प्रत्येक प्रदर्शनाची यादी आपापली असते, आणि या यादीत ती फ्लोरिबंडासोबत होती. मी फ्लोरिबंडाचा वर्ग भरलेला होता, पण तिथे झुपका हवा होता आणि मी बाजूच्या कळ्या खुडून एकच फूल ठेवलेलं. काकूंनी सांगितलं नसतं तर परीक्षकांनी "शेड्यूलप्रमाणे नाही" अशी चिठ्ठी लावली असती. फुलात काहीही दोष नसताना. बाटली उचलली आणि ते 20 रुपये सोडून दिले.

दहाला सगळ्यांना बाहेर काढतात. परीक्षण दोन-अडीच तास चालतं, तेवढ्यात बाहेरच्या चहाच्या टपरीवर जी माहिती मिळते ती कुठल्याच पत्रकात नसते.

गुण कसे देतात याची कल्पना असली तर निकाल वाचताना चिडचिड कमी होते. अमेरिकन रोज सोसायटीच्या पद्धतीत 100 पैकी 25 फुलाच्या घडणीला, 20 रंगाला, 20 काडी आणि पानांना, 15 पाकळीच्या कसाला (जाडी आणि टवटवीला), आणि फुलाचं आकारमान व एकूण तोल यांना 10-10. आपल्याकडे आकडे थोडेफार बदलतात. पण त्या हिशेबात फूल किती मोठं याला दहाच गुण आहेत, हे लक्षात घ्या. आम्ही सगळे पहिल्यांदा मोठं फूलच उचलतो. माझं सगळ्यात मोठं फूल, फर्स्ट प्राइज नावाच्या जातीचं, त्याच्या मध्यभागी एकाऐवजी दोन सुळके होते. मोठ्या, भरगच्च फुलांत असा मध्य कधीकधी फुटतोच. ते पहिल्याच फेरीत बाहेर. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेच्या मृणालिनी जातीचं त्याहून लहान पण नीट घडलेलं फूल भारतीय जातींच्या वर्गात उत्तेजनार्थ आलं. नऊपैकी सहा वर्गांत प्रत्यक्ष मांडलं, त्यातला हा एक सोडून बाकी पाचांत काही नाही.

मांडलेली फुलं रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत हलवायची नसतात, निकालानंतर नको वाटली तरी. बाटल्या परत करायच्या. चिठ्ठ्या मात्र मागून घ्या, कधीकधी परीक्षक मागे एक ओळ लिहितात. माझ्या डबल डिलाइट जातीच्या फुलाच्या चिठ्ठीमागे "देठ बारीक" एवढंच होतं.

एकूण खर्च: प्रवेशिका 180, खतं आणि औषधं 740, सापळे 120, पट्ट्या 60, रिक्षा 260. खतांची पाकिटं पुढचं वर्षभर पुरतील. वार्षिक वर्गणी 500 वेगळी.

लांब काड्या काढलेल्या झाडांवर पानं कमी राहतात. त्यांना आठवडाभर पेंडीचं पाणी देऊ नका, नुसतं पाणी, आणि कापांवर तीच कॉपरची पेस्ट. पुढच्याच आठवड्यात, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं. तिकडे नुसतं बघायला जा, पण वही घेऊन, आणि जाती आणि त्यांच्या काड्यांची लांबी लिहून घ्या. फेब्रुवारीत मंडळाची डोळे भरण्याची (हव्या त्या जातीचा डोळा खुंटावर बसवून कलम करण्याची) कार्यशाळा होती, त्यासाठी खुंटाची रोपं आपणच न्यायची होती.

2 डिसेंबरच्या तुकडीतलं दुसरं डबल डिलाइट 22 जानेवारीला उमललं, देठ जाड, सुळका उंच. 51 दिवस. कुंडीच्या पट्टीवर तारखेखाली पेन्सिलीने आकडा लिहून ठेवला आहे.